संशोधन केंद्राची पारख: कोणता मोहल्ला, किती वर्षे?

आपली मुलगी वास्तुकलेच्या पदवीनंतर नागरी संरचना आणि शहर पुनरुज्जीवन यांवर काम करणाऱ्या विद्यापीठीय संशोधन केंद्रात जाऊ इच्छिते. तेथे नेमके काय करतात आणि नागपूरला त्याचा काय उपयोग, असे आपण विचारले आहे. नगररचनेच्या कामात माझी तीस वर्षे गेली, त्या अनुभवावरून लिहितो.

नागपूरच्या महाल या जुन्या भागातील एका बोळाची आम्ही घरोघरी मोजणी केली होती. एका वाड्याच्या आखीव पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, अजून आजोबांचेच नाव होते. प्रत्यक्षात वारसांचे चार हिस्से पडलेले, पुढच्या खोल्यांत जुने भाडेकरू आणि मागच्या विहिरीवर शेजाऱ्यांची वहिवाट. भाडे तुटपुंजे म्हणून मालक दुरुस्तीला पैसा लावत नाही, घर आपले नाही म्हणून भाडेकरू लावत नाही, आणि दर पावसाळ्यात वाडा थोडा थोडा खचतो. अशा जागेला वाढीव चटईक्षेत्राचे, म्हणजे जास्त बांधकामाच्या परवानगीचे, कितीही आमिष दाखवले, तरी सर्व वारसांच्या सह्या झाल्याखेरीज काहीही हलत नाही. सिव्हिल लाइन्समधील नझूल (सरकारी मालकीच्या) जमिनींचा आणि 1936 च्या कायद्याने स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासच्या (नासुप्र) भाडेपट्ट्यावरील भूखंडांचा प्रश्न पुन्हा निराळाच, त्यामुळे एकच योजना साऱ्या शहराला लावता येत नाही.

ही गुंतागुंत टिपून ठेवणे हेच अशा केंद्राचे मुख्य काम आहे, असे माझे ठाम मत आहे. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, सल्लागार कंपनी अहवाल देऊन निघून जाते. विद्यापीठ मात्र दरवर्षी नवी तुकडी घेऊन त्याच बोळात परत जाऊ शकते. 1919 पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सांभाळणारे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस हेच सांगत असत: सरसकट पाडापाडी करून रुंद रस्ता काढण्याआधी वस्ती पायी फिरून समजून घ्यावी आणि मोजकी पडकी घरे काढून बाकीच्यांना हवा-उजेड मिळवून द्यावा. एम्प्रेस मिलच्या जागी आज मॉल उभा आहे; 1877 मध्ये सुरू झालेल्या त्या कापड गिरणीची आणि तिच्या कामगारवस्त्यांची अशी नोंद वेळेवर झाली असती तर, ही खंत मला अजूनही वाटते.

शिक्षणासाठी गाव सोडावेच लागेल असे नाही, कारण येथील विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत (व्हीएनआयटी) वास्तुकला व नियोजनाचा विभाग आहे. बाहेर जायचेच असेल तर अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ पाहावे. ज्या जुन्या शहराला 2017 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, ते तेथून फार दूर नाही.

कोठेही गेली तरी तिने दोन गोष्टी विचाराव्यात. केंद्र एकाच मोहल्ल्यात किती वर्षे काम करत आहे, आणि मोजणीचे नकाशे तेथील रहिवाशांना परत मिळतात का? महालातील त्या बोळाच्या नकाशाची एक प्रत आम्ही वाड्यातील कुटुंबाकडे ठेवली होती. पुढे हिस्सेवाटपाची बोलणी सुरू झाली, तेव्हा चारही भावंडे तोच नकाशा समोर पसरून बसली होती.