उजनी-हिप्परग्याच्या मरळीसाठी रॉड, रील आणि लाईन: आधी लाईन ठरव, बाकीचं मग

भावा, तू विचारलंयस की अमेरिकेतल्या बास फिशिंगचे व्हिडिओ बघून ७ फुटी रॉड आणि बेटकास्टर रीलचा सेट घ्यायचं डोक्यात आहे, बजेट ६,००० पर्यंत, जाणार उजनीला आणि जमेल तेव्हा सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाला, धरायची मुख्य मरळ, तर कोणत्या कंपनीचा घेऊ. कंपन्यांची नावं तुला भरपूर जण सांगतील, मी दुसऱ्या टोकाकडून सांगतो. आधी पाणी बघ, पाण्यावरून लाईन ठरव, लाईनवरून रॉड आणि रील सगळ्यात शेवटी. आपल्याकडं बरोबर उलटं चालतंय, निम्म्याच्या वर पैसे चकचकीत रीलवर जातात आणि लाईन मात्र दुकानदार जी गुंडाळून देईल ती घेऊन लोक घरी येतात, मग मोठी मरळ लागली की तुटून जाते आणि दोष रॉडला.

बास हा तिकडचा गोड्या पाण्यातला शिकारी मासा, आपल्या भीमेत नाही, पण त्याचं सामान इकडं चालतंय त्याचं कारण शिकारीची पद्धत. बास काय आणि मरळ काय, दोघंही गवताच्या नाहीतर बुडालेल्या खोडाच्या आडोशाला दबा धरून बसणारे, वरून काही हललं की झडप. म्हणून तिकडची खोटी आमिषं, रबरी बेडूक, स्पिनरबेट (चकती फिरणारं), क्रँकबेट (माशाच्या आकाराचं), सगळी मरळीला लागू पडतात. फरक तोंडात आहे. बासच्या जबड्याच्या कडेचं कातडं पातळ असतंय, गळ चटकन रुततोय आणि जास्त जोर लावला तर भोक मोठं होऊन निसटतोय पण. मरळीचं तोंड म्हणजे हाड, आत दात, तिथं गळ बसवायला दणकाच द्यावा लागतोय.

आणि तिकडं ५०-६५ पौंड ताकदीची लाईन लावतात ते बघून मासा फार जड असेल असं समजू नकोस. जॉर्ज पेरीनं १९३२ साली जॉर्जियात धरलेला बास २२ पौंड ४ औंसाचा, म्हणजे १० किलोच्या आसपास, २००९ साली जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरितानं त्याच्या बरोबरीचा धरला आणि विक्रम अजून तेवढाच आहे. रोज लागणारे बास एक-दीड किलोचेच. जाड लाईन माशासाठी नसतेच, गवतासाठी असते. मासा लागल्या लागल्या गवतात डोकं खुपसतोय आणि मग तू एक किलोच्या माशाबरोबर चार किलो शेवाळ ओढत असतोस. उजनीला जलपर्णी आणि काठाची बेशरमीची झुडपं बघितलीस ना, तिथं हेच होणार.

आता लाईन. साधं नायलॉनचं तंगूस स्वस्त, गाठ चांगली धरतंय, दगडावर घासलं तरी बऱ्यापैकी टिकतंय. पण ते ताणतंय. मरळ ३० मीटरवर असेल आणि तू झटका मारलास तर त्यातला बराचसा तंगूस ताणण्यातच जातोय, हाडात गळ रुतत नाही. कणकेवर रोहू-कटला धरायला हाच ताण उपयोगाचा, मासा धक्का देतो तो तंगूस खातंय, म्हणून त्या कामाला ०.३० ते ०.३५ मिमीचं तंगूस उत्तम. बेडकाला नाही.

फ्लोरोकार्बन महाग आणि व्हिडिओत त्याचं लई कौतुक, पाण्यात दिसत नाही म्हणतात. त्यात तथ्य आहे, पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लोरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५ च्या वर, म्हणजे पाण्याच्या जास्त जवळ फ्लोरोकार्बन. पण हे काचेसारख्या पाण्यात. उजनीचं हिरवं पाणी बघ, हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत, तिथं माशाला लाईन दिसू नये म्हणून पैसे घालण्यात अर्थ नाही. शिवाय ती पाण्यापेक्षा बरीच जड, बुडते, आणि वर तरंगणाऱ्या बेडकाचं नाक खाली ओढते.

राहिली ब्रेड. बारीक पॉलिथिलीन धाग्यांची विणलेली, ताण जवळजवळ नाही, पाण्यापेक्षा किंचित हलकी म्हणून तरंगते, गवत करवतीसारखं कापत येते. तुझ्यासाठी हीच. घेताना पाकिटावरच्या पौंडावर जाऊ नकोस, स्वस्त लाईनवर तो आकडा वाटेल तसा छापलेला असतोय, जाडी बघ. जपानी पद्धतीचा पीई नंबर असेल तर पीई १ म्हणजे साधारण ०.१६५ मिमी, पीई २ म्हणजे ०.२३५, पीई ३ म्हणजे ०.२८५, पीई ४ म्हणजे ०.३३. तुला पीई ३, चार धाग्यांची पण चालेल, आठ धाग्यांची गुळगुळीत असते आणि लांब जाते पण दगडाला नाजूक. आणि दगड हाच ब्रेडचा खरा शत्रू. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं, धरण उणेत गेलं म्हणजे साठा मृतपातळीच्या खाली गेला, पळसदेवचं देऊळ उघडं पडलं की काठाला नुसता काळा दगड, शिंपले आणि जुन्या बाभळींची खोडं वर येतात. ताणलेली ब्रेड तसल्या धारेवर एकदा घासली की सुरीनं कापल्यासारखी जाते. म्हणून उन्हाळ्यात पुढं अर्धा-पाऊण मीटर ०.५० मिमीचं नायलॉन जोडायचं, डबल युनी गाठीनं. पावसाळ्यानंतर पाणी गवतात चढलं की हा जोड काढून टाक आणि ब्रेड सरळ बेडकाला पालोमार गाठीनं बांध, गवतात जोडाच्या गाठीला शेवाळ अडकत बसतंय. गाठ आवळायच्या आधी थुंकी लावून ओली कर, कोरडी आवळली की घर्षणानं तापून नायलॉन तिथंच कमजोर होतंय.

लाईन भरायची पण रीत आहे. ब्रेड गुळगुळीत असल्यामुळं थेट स्पूलवर, म्हणजे रीलच्या लाईन गुंडाळायच्या चकरीवर, गुंडाळली तर सगळी लाईन मिळून स्पूलवर गोल फिरते, बाहेरून वाटतंय ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढला की लाईन सोडणारा रीलचा ब्रेक, खराब झाला. आधी तळाला २०-२५ वेढे साध्या तंगुसाचे दे, मग ब्रेड जोड. भरताना ओल्या फडक्यात चिमटीत धरून ताण ठेव, सैल भरलेली ब्रेड पहिल्याच जोरात खालच्या थरात रुतते. आणि स्पूलच्या कडेपासून २ मिमी रिकामं सोड. कमी भरलीस तर लांब जाणार नाही, काठोकाठ भरलीस तर एका फेकीत गुंताच बाहेर येईल.

रॉडला दोन गोष्टी असतात, पॉवर आणि ॲक्शन, आणि दुकानात दोन्ही एकच असल्यासारखं बोलतात. पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो, ॲक्शन म्हणजे कुठून वाकतो. फास्ट असेल तर फक्त टोकाकडून वाकतो आणि झटका लगेच पोचतो, मॉडरेट असेल तर निम्म्यापासून. क्रँकबेटला तिकडं मुद्दाम मॉडरेट घेतात, कारण त्याचे तिहेरी गळ बारीक आणि बासचं कातडं पातळ, कडक रॉडनं फाटून निघतंय. त्यांच्या बोटीवर प्रत्येक आमिषाला वेगळा रॉड पडलेला असतोय, तू काठावर एकच घेऊन उभा राहणार. त्यामुळं मीडियम हेवी, फास्ट, ७ फूट, दोन तुकड्यांचा घे. पूर्ण हेवी घेतलास तर बेडूक मस्त पण १० ग्रॅमचा स्पिनर फेकता येणार नाही. मुठीच्या वर रॉडवर छापलेलं असतंय, आमिष अमुक ते अमुक ग्रॅम, तिथं ८ ते ३० ग्रॅम असं काहीतरी वाचायला मिळालं पाहिजे, कारण आपले बेडूक बहुतेक ८ ते १५ ग्रॅमचे. टेलिस्कोपिक घेऊ नकोस. बॅगेत बसतोय हे खरं, पण प्रत्येक सांध्याला वाक तुटतो आणि वाळू गेली की अडकून बसतो. दोन तुकड्यांचा मोटरसायकलला आडवा बांधून आरामात जातोय, फक्त टोकाला पीव्हीसी पाईपचा तुकडा घाल.

दुकानात रॉड हातात आला की नुसता हलवून बघू नको. कानात घालायची कापसाची काडी घेऊन प्रत्येक कडीच्या आतून गोल फिरव. कुठं कापसाचा तंतू अडकला तर तिथं चिरा आहे आणि ती कडी तुझी ब्रेड महिन्यात कुरतडून टाकेल. मग डोळ्यासमोर धरून सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का बघ. मुठीत रील बसवायला लावून एका बोटावर तोल बघ, बोट रीलच्या जवळपास असलं की संध्याकाळपर्यंत मनगट भरून येत नाही.

आता तुझा बेटकास्टर. वाईट नाही, गवतातून ओढायला तो जास्त ताकदीचा आणि अंगठ्यानं स्पूल थांबवून बेडूक गवतातल्या मोकळ्या भोकात बरोबर टाकता येतो. पण त्यात स्पूल स्वतः फिरत असतंय. आमिष वाऱ्यानं हवेत मंदावलं आणि स्पूल तसंच फिरत राहिलं की सगळी लाईन आत गुंतते. उजनीच्या काठाला दुपारनंतर वारं समोरून सुटतंय ते तुला माहितीच आहे, त्यात ८ ग्रॅमचा बेडूक आणि या बजेटमधला बेटकास्टर म्हणजे निम्मा वेळ गुंता सोडवण्यात. सुरुवात स्पिनिंग रीलवर कर, त्यात फेकताना स्पूल जागेवरच राहतं, ४००० साईज. २५०० छान हलका पण पीई ३ त्यावर फार थोडी बसते. बेअरिंग किती यावर पैसे देऊ नकोस, १२ बेअरिंग लिहिलेल्या रीलपेक्षा नीट बसवलेल्या चारची रील बरी. हँडल मागं ढकलून बघ, खेळ नको. लाईन रोलर, म्हणजे बेलच्या (लाईन धरणाऱ्या तारेच्या कमानीच्या) टोकाची छोटी चकती, बोटानं फिरवून बघ, ती जाम असेल तर लाईन एकाच जागी घासत राहते. स्पूल ॲल्युमिनियमचं. गिअर रेशो ५.२ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात लाईन ५.२ वेळा गुंडाळते, ६.२ मिळाला तर तो घे, कारण मरळ बऱ्याचदा बेडूक घेऊन तुझ्याकडंच पळत येते आणि ढील पटकन गोळा करावी लागते.

ड्रॅग अंदाजानं आवळू नकोस. सामान मोजायचा हुकाचा काटा मिळतो तो लाईनला बांध, रॉड वाकवून ओढ आणि किती किलोला स्पूल सुटतंय ते बघ. नियम असा की लाईनच्या ताकदीच्या पाव हिश्शावर सुटलं पाहिजे. तुझी पीई ३ ब्रेड साधारण ४० पौंडाची धर, म्हणजे १८ किलो, तर साडेचार किलोच्या आसपास. घरी आलास की ड्रॅग पूर्ण सैल करून ठेव, आतल्या फेल्टच्या चकत्या दबून बसल्या की धक्के देत सुटतात. आणि रील, लाईन गाडीच्या डिकीत विसरू नकोस, सोलापूरच्या मे महिन्यात आत जे तापतंय त्यात नायलॉन ठिसूळ होतंय आणि ग्रीस पातळ होऊन बाहेर येतंय.

६,००० चं माझं गणित असं. रॉड २,२००, रील २,२००, लाईन १,००० (इथं काटकसर नको), राहिलेल्यात दोन-तीन बेडूक, एक स्पिनर आणि लांब नाकाचा चिमटा. चिमटा पाहिजेच, मरळीच्या तोंडात बोट घालून गळ काढायचा नाही. चिलापी धरायला हा सेट फार जड, त्यासाठी हलका बोयाचा वेगळा कर पुढं कधीतरी.

सामान घेतलं की दोन गोष्टी जिवाच्या. हा रॉड कार्बनचा, कार्बनमधून वीज जाते. उजनीच्या बॅकवॉटरला काठानं शेतकऱ्यांच्या मोटारी आणि वरून लोंबणाऱ्या तारा आहेत, ७ फुटी रॉड डोक्यावरून मागं घेऊन फेकताना वर बघायचं म्हणजे बघायचंच. तारा असल्या तर जागा बदल, मरळ दुसरीकडं पण आहे. आणि वळवाचे ढग गडगडायला लागले की रॉड आडवा खाली ठेव आणि निघ.

पावसाळ्यात पाण्यावर मरळीच्या लालसर पिल्लांचा घोळका उकळल्यासारखा हलताना दिसेल, खाली आई-बाप राखण करत असतात. त्या घोळक्यावर बेडूक टाकला की हमखास धरते, म्हणूनच टाकायचा नाही. राखण करणारी मरळ काढलीस की पिल्लं दुसरे मासे खातात. मला हे मनापासून लागतंय, त्या व्हिडिओंना लाईक देऊ नका रे. तसंच गुंतलेली ब्रेड काठावर टाकू नको, ती वर्षानुवर्षं कुजत नाही आणि हिवाळ्यानंतर तिथंच रोहित पक्षी चालत असतात, पायात अडकली की पक्षी जातोच. खिशात घालून घरी आण, बारीक कापून कचऱ्यात. आणि जाळी लावलेली असतील तिथून लांब राहा, कोळी लोकांचं पोट त्यावर आहे. मासेमारीचा ठेका किंवा परवाना तिथं कोणाचा आहे ते आधी विचार, विचारलं की बरेच जण जागा पण स्वतःहून दाखवतात.

रील नक्की केलीस की स्पूलवर छापलेल्या लाईनच्या आकड्याचा आणि रॉडच्या मुठीवरच्या अक्षरांचा फोटो टाक, तळाला तंगूस किती आणि वर ब्रेड किती मीटर बसेल ते बघून सांगतो.