तांब्यावर नक्षी, काचेवर धूसर कोरीव काम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजीच्या वेळची तांब्याची परात आमच्याकडे आहे. तिच्या काठावर द्राक्षवेलीची नक्षी उठवावी असे मनात आहे. ओळखीच्या एका कारागिराने नायट्रिक आम्ल सुचवले. गच्चीवर, मोकळ्या हवेत ते वापरले तर चालेल का? (एक वाचक, पंचवटी, नाशिक)

उत्तर : चालणार नाही. तीव्र नायट्रिक आम्ल तांब्यावर पडले की नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी धूर उठतो. तो छातीत गेला तर त्या वेळी थोडासा खोकलाच येतो, पण काही तासांनी फुप्फुसांत पाणी साचू शकते, आणि तोपर्यंत माणूस निर्धास्त झालेला असतो. गच्चीवर वाऱ्याची दिशा आपल्या हाती नसते, म्हणून मोकळ्या हवेचा भरवसा धरू नये.

आपल्या जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदारांना पुरेपूर परिचित असलेले मोरचूद या कामाला पुरते. बोर्डो मिश्रणासाठी कृषी सेवा केंद्रात मिळते तेच हे कॉपर सल्फेट. लिटरभर पाण्यात सुमारे 150 ग्रॅम मोरचूद विरघळवावे आणि द्रावण प्लास्टिकच्या टबात घ्यावे. परात बॅटरीच्या धन टोकाला जोडावी, ऋण टोकाला तांब्याचा एक जुना पत्रा जोडावा, आणि दोन्ही एकमेकांना न टेकवता द्रावणात सोडावेत. परातीच्या उघड्या भागावरील तांबे विरघळते आणि तेवढेच तांबे समोरच्या पत्र्यावर जमा होते. त्यामुळे द्रावण फारसे क्षीण होत नाही, गाळून पुन्हा वापरता येते आणि धूरही निघत नाही. दाब दीड ते तीन व्होल्टच ठेवावा. तो वाढवण्याचा मोह झाला तरी आवरावा, कारण जास्त दाबाने रेघांच्या कडा खडबडीत होतात.

किती वेळ लागेल, याचा हिशेब करता येतो. एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर सुमारे 1.2 ग्रॅम तांबे सुटते. नक्षीचा उघडा भाग 25 चौरस सेंटीमीटर असेल तर एवढ्याने मिलिमीटरचा विसावा हिस्सा खोली मिळते, म्हणजे रेघ नखाला जाणवू लागते. छोट्या सेलवर प्रवाह कमी मिळतो, तेव्हा काही तासांची तयारी ठेवावी.

खरी मेहनत मात्र झाकणकामात आहे. परात आधी चिंच-मिठाने आणि मग साबणाने इतकी स्वच्छ करावी की पाणी थेंब न धरता सारखे पसरेल. तेलकट बोटाचा एक ठसा राहिला तरी तिथले वार्निश सुटते. त्यानंतर नक्षीचा भाग आणि द्रावणात बुडणारी मागची बाजू यांवर काळे वार्निश किंवा नेलपॉलिश लावून पूर्ण वाळू द्यावे, आणि सुईने वेल कोरून तेवढेच तांबे उघडे करावे. परात टबात मावणार नाही, म्हणून काठाचा एकेक भाग बुडवत पुढे सरकावे. आतून कल्हई असेल तर नक्षी बाहेरच्या बाजूलाच ठेवावी. आजीच्या परातीला हात लावण्यापूर्वी भांडी बाजारातून तांब्याच्या पत्र्याचा तुकडा आणून त्यावर हात बसवावा, हे सांगणे आगाऊपणाचे वाटले तरी सांगतो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळणारे फेरिक क्लोराइडही चालते आणि त्याला बॅटरी लागत नाही. मात्र त्याचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, ते स्टीलचे सिंक खाते, आणि वापरलेल्या द्रावणाचे काय करायचे हा प्रश्न लवकर समोर येतो.

हा प्रश्न मोरचुदाच्या बाबतीतही शेवटी येतोच. तांबे अगदी थोड्या प्रमाणातही माशांना मारक असते, म्हणून ते पाणी गोदावरीला मिळणाऱ्या नाल्यात किंवा मोरीत ओतू नये. चुन्याची निवळी नव्हे, दाट चुन्याचे पाणी त्यात थोडेथोडे घालावे; निळा रंग जाऊन साका तळाशी बसतो. वरचे पाणी नितळ व रंगहीन झाल्यावरच काढून टाकावे, आणि वाळलेला साका घातक कचरा म्हणून घंटागाडीला वेगळ्या पुडीत द्यावा. बागेत फवारण्यासाठी तो वापरू नये.

प्रश्न : कपाटाच्या काचेवर धूसर नक्षी करण्यासाठी ऑनलाइन मिळणारे क्रीम मागवले आहे. त्यावर ‘घरगुती वापरासाठी’ असे लिहिले आहे. ते निर्धोक मानावे का? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : डबीवरील घटक वाचावेत. ‘बायफ्लोराइड’ हा शब्द असेल, आणि बहुधा असतोच, तर पदार्थ निर्धोक नाही. काच खाण्याचे सामर्थ्य फ्लोराइडमुळे येते, आणि तेच फ्लोराइड कातडीतून आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. भाजल्याची वेदना कधीकधी काही तासांनी सुरू होते, त्यामुळे हाताला लागले हेही वेळेवर कळत नाही. लागल्याची शंका आली तरी भरपूर पाण्याने धुऊन, डबी सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जावे. यावर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हा ठरलेला उपचार आहे.

माझे मत असे की लहान मुले असलेल्या घरात हे क्रीम आणूच नये. लहान रोटरी मशीनला हिऱ्याचे टोक लावून, काचेखाली कागदावरचे चित्र चिकटवून ते गिरवले तर रेघ रसायनापेक्षा जिवंत येते. काच सतत ओली ठेवावी, म्हणजे धूळ उडत नाही आणि टोक तापत नाही. मशीन पाण्यात बुडू देऊ नये. चष्मा आणि मुखपट्टी लावावी. टफन केलेल्या काचेवर मात्र हा प्रयोग करू नये, कारण तिला खोल ओरखडा गेला तर अख्खी काच चुरा होऊन पडते. संपूर्ण तावदान धूसर हवे असेल तर काचवाल्याकडून सँडब्लास्टिंग करून घ्यावे.

प्रश्न : मिठाचे पाणी आणि मोबाईलचा जुना चार्जर वापरून स्टीलच्या डब्यांवर नावे घालता येतात असे कळले. करून पाहावे का? (एक वाचक, सातपूर, नाशिक)

उत्तर : पाहू नये. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असते आणि या प्रक्रियेत त्याची विषारी संयुगे पाण्यात उतरू शकतात. शिवाय मिठाच्या पाण्यातून क्लोरीन वायूही सुटू शकतो. स्टीलच्या डब्यांवर नाव घालायचे असेल तर भांड्यांच्या दुकानात टिंबाटिंबांनी कोरणारे छोटे मशीन असते. डबा विकत घेतानाच सांगितले तर बहुतेक दुकानदार नाव घालून देतात.