गोऱ्यांच्या स्थलांतराचा अभ्यास कशाला?

‘आयरिश स्थलांतराचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ नेमके काय करतात आणि मराठी विद्यार्थिनीने या विषयात पीएचडी करावी का,’ असे आपण विचारले आहे. याहून बऱ्याच कुत्सित स्वरात हाच प्रश्न मला २००९ साली महाराष्ट्रातील एका विद्यापीठाच्या निवड समितीपुढे विचारण्यात आला होता. “तुम्ही रत्नागिरीच्या ना? मग आपले चाकरमानी सोडून या गोऱ्यांच्या मागे कशाला लागलात? गोऱ्या माणसाला गोऱ्यांच्या देशात कसला आलाय त्रास?” लंडनमध्ये पाच वर्षे मी त्याच त्रासाच्या हकिगती टिपून घेत होते, पण त्या खोलीत मला धड उत्तर देता आले नाही. नोकरीही मिळाली नाही.

त्या हकिगतींपैकी एक सांगते. लंडनच्या क्रिकलवुड भागात राहणाऱ्या एका निवृत्त नर्सबाईंची मी मुलाखत घेत होते. त्या १९५७ साली, अठराव्या वर्षी, आयर्लंडच्या मेयो परगण्यातून एकट्या इंग्लंडला आल्या होत्या. आयर्लंडमध्ये नर्सिंग शिकायचे तर बहुतेक ठिकाणी पदरचे पैसे भरावे लागत. इंग्लंडमधील रुग्णालये राहण्याजेवणाची सोय करून वर विद्यावेतन देत. शिवाय आयर्लंडमध्ये सरकारी नोकरीतील स्त्रीला लग्न होताच राजीनामा द्यावा लागे, आणि हा नियम थेट १९७३ साली रद्द झाला. १९५० च्या त्या एका दशकात सुमारे चार लाख माणसे देश सोडून गेली आणि १९६१ साली लोकसंख्या २८ लाखांवर आली, ती काही केवळ शेती पिकली नाही म्हणून नव्हे.

दोन तास बाई मोकळेपणाने बोलल्या. मग बोलणे नोव्हेंबर १९७४ वर आले. बर्मिंगहॅममधील पबमध्ये बॉम्बस्फोट होऊन २१ माणसे मेली, ठपका आयरिश अतिरेक्यांवर आला आणि आठवडाभरातच दहशतवादविरोधी कायदा संमत झाला, त्यानंतरचे ते दिवस. बाईंनी आवाज खाली आणला, जणू काही शेजारी अजूनही कान देऊन बसले आहेत. त्या म्हणाल्या, की बसमध्ये तोंड उघडावे लागू नये म्हणून मी तिकिटाचे सुटे पैसे मुठीत तयार ठेवत असे. दुकानात बोटाने वस्तू दाखवत असे. आणि शेमस या अस्सल आयरिश नावाच्या स्वतःच्या मुलाला रस्त्यात हाक मारायची नाही, असे घरात ठरले होते. कातडी गोरी असल्यामुळे ओळखीचा एकच धोका उरला होता, तो म्हणजे उच्चार, आणि तो त्यांनी गिळून टाकला.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. ही गप्प बसलेली माणसे मोजणार कशी, हाच या अभ्यासातील कळीचा मुद्दा होता. ब्रिटनच्या जनगणनेत आयरिश माणूस जन्मस्थानावरून ओळखला जाई, त्यामुळे इंग्लंडमध्ये जन्मलेला शेमस कागदावर नाहीसाच होत असे. १९९१ साली वांशिकतेचा प्रश्न आला, तरी आयरिशांसाठी वेगळा चौकोन नव्हता. ‘गोरे’ म्हटले की संपले. १९९७ साली मेरी हिकमन आणि ब्रॉन्वेन वॉल्टर यांनी वांशिक समता आयोगासाठी ब्रिटनमधील आयरिशांविरुद्धच्या भेदभावावर अहवाल लिहिला, आणि २००१ च्या जनगणनेत ‘आयरिश’ हा चौकोन आला. तिकडे आयर्लंडच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनी १९९५ साली संसदेपुढे डायस्पोरावर, म्हणजे जगभर पांगलेल्या आयरिशांवर, भाषण केले आणि पुढे परदेशस्थ आयरिश वंशजांशी असलेले नाते राज्यघटनेतच नोंदवले गेले. मुलाखती, जनगणनेचे तक्ते आणि सरकारी धोरण या तिन्हींत ये-जा करणे, हे या समाजशास्त्रज्ञाचे रोजचे काम.

राहिली चाकरमान्यांची गोष्ट. माझ्या आजीचे घर मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालले, म्हणूनच मेयोला दर आठवड्याला पैसे पाठवणाऱ्या त्या बाईंना काय विचारायचे हे मला कळत होते. फरक एवढाच, की आमच्याकडे पुरुष गिरणीत गेला आणि बायको गावी राहिली. आयर्लंडमधून मुली एकट्या निघाल्या, आणि काही दशकांत तर पुरुषांहून अधिक संख्येने. हा फरक का पडला, याचे उत्तर रत्नागिरीत बसून मिळणार नाही, आणि त्या समितीतील तज्ज्ञांना तो प्रश्नसुद्धा पडला नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे.

पीएचडी जरूर करा. मात्र या विषयाच्या म्हणून असलेल्या जागा अगदी थोड्या आहेत. मी स्वतः आज संशोधनपद्धती शिकवते, तेही वर्षावर्षाच्या करारावर. वर लिहिलेले सारे ब्रिटनपुरते आहे. अमेरिकेतील आयरिशांना ते जसेच्या तसे लावू नका. आणि कोणी ‘गोऱ्यांना कसला त्रास’ असे विचारलेच, तर त्यांना एवढेच विचारा, की शेमसला १९९१ साली कोणत्या चौकोनात खूण करता आली असती?