"सर, पहिली भाषा चुकली तर?"

प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या भाषेचा हा प्रश्न माझ्याकडे दर दोन-चार आठवड्यांनी येतोच, पण या मुलीची केस लक्षात राहिली म्हणून लिहितोय (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत). एम.एस्सी.च्या प्रोजेक्टवर होती. सहा महिन्यांत पायथॉनचा अर्धा कोर्स, आर (R) या भाषेचा पाव, मग कोणीतरी म्हणालं ज्युलिया फास्ट आहे म्हणून तिचे चार व्हिडिओ, आणि घरच्या एका मोठ्या माणसाने सी प्लस प्लस आलं की सगळं येतं असं ठामपणे सांगितल्यावर तेही उघडून बंद. गाइडचा जुना कोड फोरट्रानमध्ये, ती धास्ती वेगळीच. "सर, पहिली भाषा चुकली तर वर्ष वाया जाईल ना?"

मी म्हटलं भाषेचं राहू दे, डेटा दाखव.

एका सेन्सरची फाइल होती, दर मिनिटाला एक तापमान, तीन वर्षांचं, म्हणजे साधारण पावणेसोळा लाख ओळी. ती एक्सेलमध्ये उघडून बघायची. आता एक्सेलच्या एका शीटमध्ये 10,48,576 च्या वर ओळी मावत नाहीत, म्हणजे दोन वर्षं दिसतात आणि तिसरं पूर्ण गायब! पूर्ण फाइल लोड झाली नाही असा मेसेज यायचा, ती ओके दाबून पुढे जायची. (आपण सगळेच दाबतो.) म्हणजे सहा महिने चौकशी भाषेची आणि तिसऱ्या वर्षाचा पत्ताच नाही.

मग विचारलं, लॅबमध्ये शेजारी बसणारे काय वापरतात? पायथॉन. झालं, पायथॉन घे. इतक्या पटकन सांगितल्यावर तिला ते पटेना, पण माझं मत पक्कं आहे की पहिल्या भाषेत अडलं की ज्याला हाक मारता येते त्याचीच भाषा घ्यावी. शेजारी सगळे आरवाले असते आणि काम मुख्यतः स्टॅटिस्टिक्सचं असतं तर मी आर सांगितलं असतं, काही बिघडत नाही.

"पण पायथॉन स्लो आहे म्हणतात." आहेच. पंधरा लाख आकडे साध्या फॉर लूपमध्ये (तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा कोड) एकेक करून फिरवले तर कळतं. पण नमपायला (पायथॉनसाठी आकडेमोडीचा तयार कोड) सगळा अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांची अख्खी रांग, एकदम दिला की आतलं जड काम आधीच कंपाइल केलेला, म्हणजे मशीनच्या भाषेत बदलून ठेवलेला, सी भाषेचा कोड करतो, आणि मॅट्रिक्सच्या गणितामागे लॅपॅकसारख्या लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) असतात, ज्या मुळात फोरट्रानमध्ये लिहिल्यात. 1957 साली आलेली भाषा, तिला अजून सुट्टी नाही. हे ऐकून गाइडच्या कोडची भीती जरा उतरली असावी, कारण पहिल्यांदाच हसली.

तिथेच बसून पांडाजने (पायथॉनचीच, तक्त्यातला डेटा हाताळायची लायब्ररी) फाइल वाचली, सगळ्या ओळी आल्या, सरासरी काढली. साडेसहा डिग्री! ती म्हणाली हे शक्यच नाही, सत्तावीसच्या आसपास यायला हवी, आणि लगेच "पायथॉन चुकतंय का?" मी म्हटलं सगळ्यात लहान आकडा कोणता ते विचार त्याला. उत्तर आलं -999. सेन्सर बंद असला की तो हा आकडा लिहितो, शंभरात दोन रीडिंग तशी होती आणि तेवढ्यांनी सरासरी पार झोपवली. फाइल वाचतानाच -999 म्हणजे रिकामं असं सांगितलं, सत्तावीस आले. हा घोळ आरमध्ये, ज्युलियात, सी प्लस प्लसमध्ये, कुठेही असाच झाला असता.

पुढे भाषा बदलायची वेळ आली तर? यादीतल्या जागा पायथॉन शून्यापासून मोजतं, आर आणि ज्युलिया एकपासून, पहिले काही दिवस बोटं चुकतात, थोडी चिडचिड होते, पण लूप, फंक्शन, रिकाम्या जागांचं काय करायचं हा विचार, हे सगळं सोबत येतं. वर्ष बिर्ष जात नाही.

तीन महिन्यांनी तिचा मेसेज आला. मला वाटलं आता रस्ट या आणखी एका भाषेचं विचारणार. तर एक ग्राफ पाठवलेला आणि खाली प्रश्न, "सर, सगळे -999 पहाटे दोन ते चारमध्येच का येतायत?"

मला काय माहीत. म्हटलं सेन्सरला करंट कुठून येतो ते जाऊन बघ.