डीव्हीडी कॉम्प्युटरवर साठवतो आहेस? आधी आवाज ऐक

राजा, घाई नको करू. आधी डीव्हीडी व्हीएलसी प्लेयरमध्ये लाव आन् एकेक ऑडिओ ट्रॅक, म्हणजे आवाजाची एकेक पट्टी, ऐकून पाह्य. एका डीव्हीडीत ८ पर्यंत ट्रॅक असू शकतात. मी एकदा न ऐकताच कॉपी लावली, मधात दोनदा लाइन गेली, आन् सकाळी पाहतो तं सिनेमाभर नुसती दिग्दर्शकाची बडबड! कॉमेंट्रीचा ट्रॅक घेतला होता.

एसी-३ (डॉल्बी डिजिटल) ५.१, म्हणजे सहा चॅनलचा ट्रॅक, सेकंदाला ३८४ नाहीतर ४४८ किलोबिट (केबीपीएस) दिसला तर बहुतेक तोच मूळ आवाज. १९२ चा स्टिरिओ, म्हणजे दोन चॅनलचा ट्रॅक, कॉमेंट्री असू शकते, सिनेमाचाच साधा मिक्सही असू शकतो, कानानंच ठरव. हँडब्रेक या कॉपी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ आवाजाच्या ट्रॅकला 'पासथ्रू' दे, म्हणजे आवाज पुन्हा दाबला जात नाही. मोबाइलसाठी सोबत एएसी (दाबलेल्या आवाजाचा प्रकार) स्टिरिओ ट्रॅक जोड, नाहीतर संवाद बारीक येतात.

घरच्या लग्नाची किंवा पूर्व विदर्भात वडश्याकडच्या झाडीपट्टी नाटकाची डीव्हीडी असली तर बहुधा एकच ट्रॅक, निवडायचं कामच नाही. तो स्टिरिओ पीसीएम (न दाबलेला आवाज) असला तर तासाला जवळपास ७०० एमबी खातो. एमकेव्ही प्रकारच्या फाइलीत त्याचं फ्लॅक कर, हा आवाज न बिघडवता दाबायचा प्रकार. जागा वाचते, आवाज जसाच्या तसा राहते.