‘नऊ म्हातारे’ आणि त्यांच्या आधीचे

प्रश्न : डिस्ने स्टुडिओतील ‘नाइन ओल्ड मेन’ (नऊ म्हातारे) म्हणून ओळखले जाणारे नऊ नामवंत कलाकार हेच तिथले पहिले अ‍ॅनिमेटर, म्हणजे चित्रांना हालचाल देणारे, होते का? त्यांच्या आधीच्यांचे पुढे काय झाले?

उत्तर : नाही. १९२८ मधले मिकी माउसचे सुरुवातीचे लघुपट मुख्यतः डिस्ने यांचे सुरुवातीचे सहकारी अब आयवर्क्स यांच्या हातचे आहेत. नऊ जणांपैकी मूकपटांच्या काळापासून, म्हणजे १९२७ पासून, स्टुडिओत होते ते एकटे लेस क्लार्क. वुल्फगँग रायदरमन, एरिक लार्सन, वॉर्ड किंबल, मिल्ट काल, फ्रँक थॉमस, ऑली जॉन्स्टन, जॉन लाउन्सबेरी आणि मार्क डेव्हिस हे १९३३ ते १९३५ या काळात दाखल झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांना अमेरिकेत त्या काळी ज्या नावाने हिणवत, तेच वॉल्ट डिस्ने यांनी थट्टेने यांना चिकटवले. तेव्हा यांच्यातले कुणीही म्हातारे नव्हते.

या मंडळींना हाताशी धरून शिकवणाऱ्यांची नावे मात्र आज क्वचितच घेतली जातात. नॉर्म फर्ग्युसन यांनी १९३४ मध्ये प्लूटो कुत्र्याला माश्यांच्या चिकट कागदात अडकवले. एका ठिकाणचा कागद सोडवावा तर तो दुसरीकडे चिकटतो, आणि दर वेळी प्लूटो थांबून आता काय करावे याचा विचार करताना दिसतो. पात्राच्या डोक्यात काय चालले आहे हे नुसत्या रेषेतून दाखवण्याचा तो वस्तुपाठच ठरला. फ्रेड मूर यांच्या हाताखाली थॉमस आणि जॉन्स्टन दोघेही तयार झाले. मूर स्वतः १९५२ मध्ये अपघातात गेले.

खरी फाटाफूट १९४१ च्या संपाने केली. गूफी या कुत्र्याच्या पात्राला घडवणारे आर्ट बॅबिट कामगार संघटनेच्या कामामुळे नोकरीवरून काढले गेले आणि संप पेटला. डम्बो या हत्तीच्या पिल्लाचे पिल्लूपण साकारणारे बिल टायटला उत्तम पगारावर असूनही संपात उतरले आणि १९४३ मध्ये त्यांनी स्टुडिओ सोडला. नऊ जणांचे कर्तृत्व वादातीत आहे, पण त्यांच्या कीर्तीत टिकून राहण्याचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

प्रश्न : या नऊ जणांची कामे कशी वाटलेली असत?

उत्तर : बरीचशी स्वभावाप्रमाणे. ‘स्नो व्हाइट’मध्ये (१९३७) मृत समजल्या गेलेल्या स्नो व्हाइटभोवती रडणारे बुटके थॉमस यांनी काढले, आणि हालचाल अगदी कमी ठेवून दुःख दाखवले. ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’मधल्या क्रुएला डी व्हिलसारखी खलनायिका डेव्हिस यांच्याकडे असे. नंतर ते डिस्नेलँडमधील करमणुकींच्या आखणीकडे वळले. सर्वांत भक्कम रेखाटन काल यांचे. रायदरमन दिग्दर्शक झाले, तर लार्सन यांनी सत्तरच्या दशकात नव्या पिढीला शिकवले, जे मला एखाद्या गाजलेल्या पात्राहून मोलाचे वाटते.

प्रश्न : स्टुडिओत स्त्रिया नव्हत्या का?

उत्तर : होत्या, पण बहुतेक शाई आणि रंगाच्या विभागात, जिथे अ‍ॅनिमेटरची पेन्सिलरेषा सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावावर हाताने गिरवली जाई. ‘बॅम्बी’तील (१९४२) शिकारी कुत्र्यांचा थरारक पाठलाग रेटा स्कॉट यांचा असून, श्रेयनामावलीत अ‍ॅनिमेटर म्हणून नाव आलेल्या त्या तिथल्या पहिल्या स्त्री. पुढे, १९३० मध्ये बाहेर पडून १९४० मध्ये परतलेल्या आयवर्क्स यांनी झेरॉक्सच्या तंत्राने पेन्सिलचित्र थेट सेल्युलॉइडवर उतरवण्याची सोय केली, आणि साठच्या दशकात गिरवण्याचे ते काम जवळजवळ संपले.