डीलर म्हणतो ‘राज्याची तपासणी झालेली आहे’. रिबिल्ट टायटलची स्पोर्ट्स कार घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की न्यू जर्सीतला एक डीलर रिबिल्ट टायटलची (म्हणजे मालकीच्या कागदावर ‘ठोकून पुन्हा दुरुस्त केलेली’ असा शेरा असलेली) माझदा मियाटा बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त देतोय, राज्याची तपासणी झाल्याचे कागद दाखवतोय, तर घ्यावी का. कागदांच्या भरवशावर घेऊ नका. मी न्यू जर्सीतच राहतो, अशाच एका डीलरकडून हीच गाडी घेतली होती, आणि तिच्यापायी जे भोगलं ते तुमच्या वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं.

गाडी जोरात ठोकली गेली आणि दुरुस्ती परवडत नाही असं विमा कंपनीने ठरवलं, की तिला सॅल्व्हेज, म्हणजे भंगारात काढल्याचं, टायटल मिळतं आणि ती लिलावात जाते. तिथून कोणीतरी ती उचलतो, दुरुस्त करतो, राज्याकडून तपासून घेतो आणि मग टायटलवर ‘रिबिल्ट’ लागतं. यात बेकायदा काही नाही. नीट काम करणारे लोकही आहेत.

पण ती तपासणी कशाची असते ते ऐका. माझी गाडी न्यूयॉर्कमध्ये दुरुस्त होऊन आली होती. तिथलं मोटार वाहन खातं पाहतं ते एवढंच, की गाडी किंवा तिला लावलेले भाग चोरीचे आहेत का. चासी सरळ आहे का, एअरबॅग आहेत का, हे बघणं त्या तपासणीत येतच नाही. बरं, न्यू जर्सीचं स्टिकर? 2010 पासून आपल्याकडे साध्या खासगी गाड्यांची यांत्रिक तपासणी बंद आहे, फक्त प्रदूषण तपासतात. म्हणजे डीलरने माझ्यासमोर ठेवलेले दोन्ही कागद खरे होते, आणि गाडी आतून कशी आहे हे दोन्हींपैकी एकानेही पाहिलेलं नव्हतं.

डीलरने टेक्स्टवर लिहिलं होतं, ‘पुढून हलकं लागलंय, बंपर आणि हेडलाइट बदललेत.’ चालवताना पहिले काही आठवडे गाडी सुरेख वाटली. हजार किलोच्या आसपासची हलकी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी, वळणावर अशी खेळते की मन भरतं. मग पुढचा उजवा टायर आतल्या कडेने झिजायला लागला. अलाइनमेंटला नेली तर दोन बाजूंचे कॅस्टरचे, म्हणजे पुढच्या चाकांच्या कलाचे, आकडे जुळेचनात आणि मशीनवरच्या मुलाने चासीचं माप घ्यायला सांगितलं. एका जुन्या बॉडी शॉपवाल्याने ती लिफ्टवर घेतली. चासीची उजवी रेल (लांब पोलादी दांडा) वाकलेली होती, ती ओढून सरळ केली होती आणि वर काळा अंडरकोट मारला होता.

त्याहून वाईट गोष्ट डॅशबोर्डमध्ये निघाली. प्रवाशाच्या बाजूचं एअरबॅगचं कव्हर व्यवस्थित बसवलेलं होतं, पण आत एअरबॅगच नव्हती. कनेक्टरमध्ये एक रेझिस्टर खोचला होता. त्यामुळे कंप्यूटरला सगळं जागेवर आहे असं वाटायचं आणि एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून नियमाप्रमाणे विझायचा. त्या सीटवर माझी बायको बसायची. याचा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये असंच मला वाटतं. बसवलेली एअरबॅग हलक्या दर्जाची असली तरी धोका आहेच. आधी अपघात झालेल्या गाड्यांत नंतर घातलेले निकृष्ट इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे भाग) फुटून माणसं दगावली आहेत, आणि त्याबद्दल एनएचटीएसए या वाहन सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेने 2024 मध्ये जाहीर इशारा दिला होता.

कायद्याचं म्हणाल तर दरवाजे कमी आहेत. डीलरने काचेवर ‘बायर्स गाइड’ (वॉरंटी आहे की नाही हे सांगणारा कागद) लावणं केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे, आणि माझ्या गाडीच्या गाइडवर ‘ॲज इज’ वर, म्हणजे आहे तशी, वॉरंटीशिवाय, यावर खूण होती. विमा कंपनीने टोटल (दुरुस्त करणं परवडत नाही अशी) ठरवलेली गाडी न्यू जर्सीच्या वापरलेल्या गाड्यांच्या लेमन लॉमध्ये, म्हणजे सदोष गाडीबद्दलच्या कायद्यात, बसत नाही. तीन दिवसांत गाडी परत करता येते असं आपल्या लोकांत सर्रास बोललं जातं. डीलरच्या दुकानात जाऊन घेतलेल्या गाडीला तो नियम लागू नाही. उरतो कन्झ्युमर फ्रॉड ॲक्ट, म्हणजे ग्राहकाच्या फसवणुकीविरुद्धचा राज्याचा कायदा. खोटं सांगून विकल्याचं सिद्ध झालं तर त्यात नुकसानीच्या तिप्पट भरपाई मिळू शकते. माझ्या हातात तो टेक्स्ट होता, म्हणूनच वकिलाची नोटीस गेल्यावर डीलर तडजोडीला आला. पैसे काही अंशी परत मिळाले. गाडी मी सुट्या भागांसाठी विकली. चालवण्यासाठी कोणाच्या हातात द्यायचं धाडस मला झालं नसतं.

तुमच्या बाबतीत, व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) घेऊन आधी लिलावातले फोटो शोधा. कोपार्ट आणि आयएए या लिलाव कंपन्यांकडे विकलेल्या बऱ्याच गाड्यांचे ठोकलेल्या अवस्थेतले फोटो नेटवर सापडतात. फोटोत एअरबॅग उघडलेल्या दिसल्या, तर त्या नव्या घेतल्याची पावती मागा. कारफॅक्स या गाडीच्या इतिहासाच्या रिपोर्टबरोबर एनएमव्हीटीआयएसचा (टायटलच्या राष्ट्रीय नोंदींचा) रिपोर्टही काढा. त्यात टायटलवरचे जुने शेरे आणि टोटल लॉसच्या नोंदी येतात, आणि तो थोड्या डॉलरांत मिळतो. नव्या मियाटाचं बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत, त्यामुळे चुंबक फिरवून पुट्टी शोधायची आपली युक्ती तिथे चालणार नाही. ॲल्युमिनियमवर चालणारा पेंट मीटर (रंगाची जाडी मोजणारं यंत्र) लागेल. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो. कुठे 500 च्या वर आकडा गेला तर खाली पुट्टी आहे असं समजा.

आणि पैसे देण्याआधी गाडी तुमच्या ओळखीच्या बॉडी शॉपमध्ये न्या. साध्या मेकॅनिकपेक्षा बॉडीचं काम करणारा हवा. चासीचं माप, अलाइनमेंटचा प्रिंट आणि एअरबॅगचे कनेक्टर उघडून बघणं, एवढं त्याच्याकडून करून घ्या. डीलर गाडी बाहेर न्यायला नाही म्हणाला तर तिथूनच निघा. हो म्हणाला आणि सगळं ठीक निघालं, तर किंमत ठरवण्याआधी विमा कंपनीला फोन करा. रिबिल्ट गाडीला फक्त लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा) देणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत.